आमचं कुणाशी वैर नाही

यंदा गव्हाच्या सोंगणीला आमच्या रानात एकही माणूस आला नाही. दरसाल जी माणसं ‘भागां भाबी, पहिला विळा तुमच्याकडं’ म्हणत दारात येऊन बसायची, ती यंदा आमच्याच बांधावरून खाली मान घालून मलिकांच्या रानात गेली. मी बांधावर उभी राहून एकेकाला नावानं हाक मारली. एकानंही ओ दिली नाही. मेल्यांनो, तुमच्या बायकांची बाळंतपणं कुणी केली, ते जरा घरी जाऊन विचारा!

मग आम्ही तिघंच बसलो कापायला. मी, माझा नवरा अल्लायार आणि सून तसनीम. वारा गरम, वरून उन्हाचा जाळ. गव्हाची कुसं मानेवर चिकटून कातडं सोलून काढायची. अल्लायार उकिडवा बसून पुढं पुढं सरकायचा. त्याच्यामागं मी पेंढ्या बांधायची. चौथा विळा घरी भिंतीला टांगलेला होता, माझ्या लेकाचा. शहामत मुलतानच्या तुरुंगात होता.

झालं होतं असं. आमच्या कल्लरवालीत जमीन मलिकांची, पाणी मलिकांचं, रस्ता मलिकांचा. आमचा आपला एक तुकडा, कालव्याच्या शेपटाला. थोरला मलिक फलकशेर डेऱ्यावर, म्हणजे आपल्या बैठकीच्या वाड्यात, बसून न्याय करतो आणि धाकटा जुल्फी गाडी उडवत फिरतो. त्या जुल्फीच्या मांडीत शहामतनं बसच्या अड्ड्यावर भरदिवसा छर्रे घातले. बंदूक म्हणाल तर उसातली डुकरं हाकायची एकनळी, तिचा घोडासुद्धा तारेनं बांधलेला. जुल्फी मेला नाही. चालतो, फिरतो, मिशीला पीळ देतो. पण ठाणेदारानं कागदावर लिहिलं की गोळी सुटली, दुकानांची शटरं पडली, लोक सैरावैरा पळाले आणि परिसरात दहशत पसरली.

दहशत म्हणे! अड्ड्यावर एक चहावाला, एक सायकलवाला आणि एक गामू न्हावी. गामूच्या दुकानाला शटर कुठलं? गोणपाटाचा पडदा आहे, तोही कुत्र्यानं फाडलेला. पण त्या एका शब्दानं माझा पोरगा साध्या कोर्टातून उचलून दहशतवाद्यांच्या खास कोर्टात नेऊन ठेवला. तिथं जामीन नाही आणि तडजोडही नाही. दोन्ही घरं गळ्यात गळे घालून रडली तरी ते कोर्ट सोडत नाही. गुन्हा शाबित झाला की जन्मठेप.

वकील होता सिब्तैन. माणूस बरा, पण बडीशेप चघळत बोलायचा आणि दर वाक्याला घड्याळ बघायचा. सोंगणी अर्धी टाकून आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो. त्यानं अल्लायारला खुर्ची दिली, मी भिंतीला टेकून उभी राहिले.

“चाचा, केस साध्या कोर्टात न्यायचा एकच रस्ता आहे,” तो म्हणाला. “अर्ज मी करतो. पण जज्जसाहेबांना दाखवावं लागेल की हे जुनं वैर होतं. दोन घरांचं खाजगी भांडण. वैरातून मारलं तर ते साधं मारणं. लोकांना भेदरवायला मारलं तर दहशत. आता सांगा, मलिकांशी तुमचं वैर काय?”

अल्लायारनं पटका सारखा केला.

“काही नाही,” तो म्हणाला. “आमचं कुणाशी वैर नाही.”

सिब्तैनची बडीशेप तोंडातच थांबली. “हेच, हेच तुम्ही ठाण्यात सांगितलंत! अंगठा दिलाय त्याखाली. ‘आमचं कुणाशी वैर नाही, मलिक आमचे मायबाप.’ अहो, त्या वाक्यावर तर पोरगा आत गेलाय. वैर नाही, देणंघेणं नाही, मग भर बाजारात बंदूक काढतो कोण? दहशतवादी!”

“मी खरं तेच सांगितलं.”

“चाचा, पोरगा जन्मभर आत बसेल.”

अल्लायार भिंतीवरच्या पंख्याकडं बघत बसला. मी त्याच्या नाकाकडं बघत होते. नाकाच्या शेंड्यावर एक पांढुरका डाग आहे, चवलीएवढा. तो डाग कुठून आला ते मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

गेल्या साली कपाशीच्या पाण्याला आमची पाळी होती. मलिकांच्या माणसांनी वरचं दारं मोडून पाणी तिकडं वळवलं. अल्लायार गेला आणि स्वतःच्या पाळीचं पाणी स्वतःच्या रानात घेऊन आला. दुसऱ्या दिवशी डेऱ्यावरून बोलावणं आलं. पाणीचोर ठरवला त्याला! सकाळी गेलेला माणूस दिवस कलल्यावर परत आला तो पटका डोळ्यांपर्यंत ओढून. नाक सोललेलं. म्हणाला, म्हशीनं ढुसणी मारली, पाटात पालथा पडलो. मी हळद आणि तूप लावलं. लावताना नाकपुडीतून विटांची लाल पूड निघाली. आमच्या पाटात वीट कुठली? पक्क्या विटांचं आंगण सगळ्या वस्तीत एकाच ठिकाणी आहे, मलिकांच्या डेऱ्यात. तिथं माणसाला नमवायचं म्हणजे ओणवा पाडून नाकानं जमिनीवर रेघा ओढायला लावतात. आजोबाच्या काळापासूनची रीत आहे.

मी विचारलं नाही. तो बोलला नाही. वस्तीतल्या सगळ्यांनी पाहिलेलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या दिवसापासून या माणसाची नमाज सुटली. गुडघे दुखतात म्हणे. मौलवीनं मशिदीच्या दारातून दोनदा टोमणा मारला, तरी गेला नाही. गुडघे दुखणारा माणूस दिवसभर उकिडवा बसून गहू कापतो होय? सजद्यात कपाळाबरोबर नाकही भुईला टेकावं लागतं, खरी गोम तिथं होती.

आणि शहामतला कळलं ते जुल्फीमुळं. अड्ड्यावर चारचौघांत त्यानं विचारलं, “काय रे, बापाचं नाक भरून आलं का?” पोरगा घरी आला, एकनळी काढली आणि परत गेला.

वकिलाकडून आलो त्या दुपारी मी कडबाकुट्टीचं चाक फिरवत होते आणि अल्लायार चाऱ्याची मूठ आत सारत होता. म्हशीचा चारा अर्धा टाकून माणूस निदान उठून जात नाही, म्हणून मी तिथंच विषय काढला.

“वकिलाला खरं का सांगत नाही?”

“काय खरं?”

“नाकाचं.”

त्यानं मूठ सारायची थांबवली. “म्हशीनं मारलं होतं.”

“म्हशीवर आळ घेऊ नका, बिचारी मुकी आहे. तुमच्या नाकपुडीतली विटांची पूड मी या बोटांनी काढलीय. साल झालं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय मी.”

त्यानं हातातला चारा माझ्या अंगावर फेकला. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला आणि तसाच वर धरून उभा राहिला. मी चाक सोडलं नाही.

“मारा,” मी म्हणाले. “तेवढीच मर्दुमकी. मलिकांपुढं नाक घासलं, आता बायकोपुढं हात उगारा.”

हात खाली आला. तो बादली उचलून हौदाकडं गेला आणि रिकामीच घेऊन परत आला.

“पोरानं कशासाठी मारलं ठाऊक आहे ना?” तो म्हणाला. “ही गोष्ट कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून. आणि मी ती कोर्टात उभा राहून सांगू? वकील, पोलीस, शिपाई, सगळ्यांपुढं?”

“नाहीतर पोरगा सडू दे आत. तुमचं नाक शाबूत राहील.”

तो त्या दिवशी जेवला नाही. मी ताट झाकून ठेवलं नाही, म्हशीला घातलं.

मी म्हटलं, याच्या तोंडून नाही तर साक्षीदाराच्या तोंडून. गामू न्हावी डेऱ्यावर हुक्का भरतो, तो त्या दिवशी तिथंच होता. मी त्याच्या गोणपाटाच्या पडद्याशी जाऊन उभी राहिले. तो कुणाची तरी दाढी करत होता.

“गामू, त्या दिवशी डेऱ्यावर काय झालं ते कोर्टात सांगशील?”

“कुठल्या दिवशी, भाबी?”

“तुला ठाऊक आहे कुठल्या.”

“मी हुक्का भरत होतो. निखाऱ्याकडं लक्ष होतं. मी काही पाहिलं नाही.” वस्तरा पुसत तो हळूच म्हणाला, “भाबी, माझ्याही घरात लेकरं आहेत.”

“तुझ्या लेकरांच्या नाळी मी कापल्या, गामू.”

“म्हणून तर तुम्हाला बसा म्हणालो नाही. कुणी पाहिलं तर तुम्हालाच त्रास.”

वा रे उपकार! मी पडदा ओढला तो दोरीसकट हातात आला. तिथंच टाकून घरी आले. आणखी चार दारं झाली. एकाच्या घरी पाहुणे होते, एकाला ताप होता, एकीनं तर नवरा घरात असताना नवरा बाहेर गेलाय म्हणून सांगितलं. त्याचा खोकला मला ऐकू येत होता. साल्यांनो, पाहायला गर्दी आणि बोलायला कुणी नाही!

शेवटी सिब्तैननं अर्ज केला, पण वैराच्या जागी नुसतं ‘पाण्यावरून कुरबुर’ एवढंच लिहिलं. म्हणाला, एवढ्यावर काही होणार नाही, पण चला. तारखेला आम्ही पहाटेची बस धरली. तसनीमनं सासऱ्याचा पटका धुऊन खळ घालून दिला होता. ती मला दारात म्हणाली, “अम्मा, अब्बा बोलले नाहीत तर तुम्ही बोला.”

“मला कोण विचारतंय?” मी म्हणाले.

त्या कोर्टाला बाहेर वाळूच्या गोण्या आणि बंदूकवाले शिपाई. आत जाताना माझी पिशवी उलटी केली, तिच्यातून रोटी आणि कांदा घरंगळला. शिपाई हसला. मी कांदा उचलून पदराला पुसला. शहामतला बेड्या घालून आणलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. बापाला बघून तो लांबूनच म्हणाला, “अब्बा, नका.” एवढंच.

पलीकडं मलिक बसले होते. फलकशेर पांढऱ्या कपड्यांत, जुल्फी काठी घेऊन. काठीची गरज नव्हती, कोर्टापुरती आणलेली. मलिकांच्या वकिलानं आधी सांगितलं की वैर नव्हतंच, आरोपीच्या बापानंच तसं लिहून दिलंय. मग साहेबांनी फलकशेरला उभं करून शपथेवर विचारलं, “तुमच्यात आणि या घरात काही वैर?”

“तौबा, जनाब,” फलकशेर म्हणाला. त्याचा आवाज मधासारखा. “चाचा अल्लायार म्हणजे आमच्या वडिलांच्या जागी. असा इज्जतदार माणूस आमच्या वस्तीत दुसरा नाही. डेऱ्यावर आले तर मी बाज सोडून उभा राहतो, पहिला हुक्का त्यांच्या हातात देतो. त्यांना कधी कुणी अरे म्हटलेलं नाही. त्यांच्या पोरानं असं का केलं, आम्हालाच कोडं आहे.”

मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा सैल झाला होता. पाठ सरळ झाली होती. वर्षभर वाकून चाललेला माणूस, त्या खोट्यानं ताठ झाला! शंभर माणसांपुढं, सरकारी कागदावर, मलिक शपथेवर सांगत होता की अल्लायारला कधी कुणी अरे म्हटलं नाही. माझ्या नवऱ्याला एवढंच हवं होतं. गप्प बसला असता तर ते कायमचं खरं झालं असतं. नाक परत मिळालं असतं आणि पोरगा गेला असता. मला त्या क्षणी फलकशेरपेक्षा त्याचाच जास्त संताप आला. मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं, खच्चून.

साहेबांनी विचारलं, “मलिकसाहेब सांगतात ते बरोबर आहे?”

अल्लायार उभा राहिला. पटक्याला हात लावला. शहामत खाली बघत होता.

“जनाब,” तो म्हणाला, “हा खोटं बोलतो.”

“काय खोटं?”

“यानं मला नाकानं रेघ ओढायला लावली.”

टंकलेखकानं मान वर केली. “काय? कशानं?”

“नाकानं.”

“मोठ्यानं बोला. कागदावर यायला हवं.”

“नाकानं!” तो ओरडला. “या नाकानं! यांच्या डेऱ्यात, विटांवर. पाणी माझ्या पाळीचं होतं. मला ओणवा पाडला आणि नाकानं एक रेघ ओढायला लावली. सगळी वस्ती बसली होती. हेच वैर. माझ्या पोराला हेच लागलं.”

मलिकांचा वकील हसत उठला. “जनाब, पोराला वाचवायला आज सुचलेली गोष्ट आहे. ठाण्यात बोलला नाही, अर्जात लिहिलं नाही. साक्षीदार कुठाय? अशी काही घटनाच घडलेली नाही.”

साहेबांनी सिब्तैनकडं पाहिलं. सिब्तैननं घड्याळाकडं पाहिलं. साक्षीदार नव्हता. नवऱ्याची जीभ विटाळली, आणि हाती काहीच नाही.

तेवढ्यात पलीकडून खुसखुस ऐकू आली. जुल्फी हसत होता. त्याच्या भावानं डोळे वटारले, पण जुल्फीला राहवेना. मलिकांनी कुणाला नमवलं आणि ते एवढंसं सांगितलं जातंय, हे त्याच्या नाकाला झोंबलं.

“एक?” तो म्हणाला. “एक म्हणतो! अरे, सात ओढल्यास की! आणि सातवी वाकडी आली म्हणून पुन्हा ओढायला लावली!”

फलकशेरनं डोळे मिटले. त्यांचा वकील उभा होता, तो हळूहळू खाली बसला.

“नाव काय तुमचं?” साहेबांनी विचारलं.

“मलिक जुल्फिकार,” छाती काढून तो म्हणाला. मग त्याला भावाचं तोंड दिसलं.

“पुन्हा ओढायला लावली ती कुणी?”

जुल्फीनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

“लिहून घ्या,” साहेब टंकलेखकाला म्हणाले. “सात.”

जेवणाच्या सुट्टीनंतर हुकूम झाला. जुनं खाजगी वैर दिसतं, लोकांना भेदरवायचा हेतू दिसत नाही, केस साध्या सेशन कोर्टात पाठवावी. ते कोर्ट समोरच, अंगणापलीकडच्या इमारतीत. त्याच्या दारात वाळूच्या गोण्या नव्हत्या. शहामतला नेताना मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं मला लावू दिला. बापाशेजारून जाताना मात्र त्यानं तोंड फिरवलं.

बसमध्ये मी अल्लायारला विचारलं, “एकच का सांगितलीत?”

“सात म्हणायला जीभ रेटली नाही,” तो म्हणाला. मी त्याला कांदा फोडून रोटीबरोबर दिला. त्यानं खाल्ला.

आमच्याआधी बातमी वस्तीत पोचली होती. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं त्यांना एकाएकी सगळं आठवलं. पाटावर, चक्कीवर, मशिदीच्या पायरीवर एकच विषय. किती रेघा, कुठून कुठपर्यंत, पटका डोक्यावर होता की काढलेला. चहावाल्याच्या पोरानं आमची बैलगाडी जाताना नाक धरलं. मी गाडी थांबवून उतरले आणि त्याच्या बापासमोर त्याचे दोन्ही कान पिळले.

साध्या कोर्टानं शहामतला जामीन दिला तेव्हा शेवटची पट्टी कापायची राहिली होती. तो घरी आला, तसनीमनं पाणी दिलं, मी रोटी वाढली. तो बापाकडं पाठ करून जेवायला बसला.

“मी गोळी कशासाठी मारली?” तो भिंतीला म्हणाला. “कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून. आणि तुम्ही ते सरकारी कागदावर चढवून आलात. आता अड्ड्यावर कुठलं तोंड दाखवू?”

अल्लायार विळ्याला धार लावत होता. हात थांबले नाहीत.

“ज्या तोंडानं रोटी खातोयस तेच दाखव,” मी म्हणाले. “ही रोटी त्या नाकाची आहे. कडू लागत असेल तर ठेव खाली. म्हैस खाईल.”

त्यानं ठेवली नाही.

तेवढ्यात गामू न्हावी दारात आला. आत ये म्हणायला कुणी उठलं नाही. म्हणाला, मलिकांचा निरोप आहे. आता साध्या कोर्टात तडजोड चालते. चाचांनी फक्त एकदा डेऱ्यावर यावं. मलिक बाज सोडून उभे राहतील, पहिला हुक्का हातात देतील. झालं गेलं मिटलं.

“डेऱ्यावर मी पाय ठेवणार नाही,” अल्लायार म्हणाला. “तडजोड करायची तर कोर्टात या म्हणावं. तिथं मला बोलायची सवय झालीय.”

गामू माझ्याकडं बघत राहिला. “आणि निखाऱ्याकडं लक्ष ठेव म्हणावं,” मी म्हणाले. तो गेला.

अल्लायार विळा घेऊन रानात निघाला. मागोमाग मी आणि तसनीम. पट्टीच्या कडेला पाट वाहत होता, आमच्या पाळीचा. त्यानं विळा बांधावर ठेवला. पाटात उतरून हात धुतले, तोंड धुतलं, नाकात पाणी घेऊन शिंकरलं, पाय धुतले. मग पटका सोडून बाजूला ठेवला आणि कापलेल्या गव्हाच्या खुंटांत, काही न अंथरता, उभा राहिला. मी जागीच थबकले. तो वाकला, उठला, गुडघ्यांवर बसला. मग कपाळ टेकलं आणि नाक टेकलं. बराच वेळ वर आलाच नाही. तसनीम घाबरून पुढं निघाली, मी तिचा दंड धरला.

तो उठला तेव्हा नाकाला ओली माती लागलेली होती. शहामत बांधावर उभा होता, हातात भिंतीवरचा विळा. कधी आला ते मला कळलं नाही. तो बापाच्या नाकाकडं बघत होता.

“अम्मा, पुसून देऊ?” तसनीमनं विचारलं.

“राहू दे,” मी म्हणाले. “ती आपल्या रानातली आहे.”

शहामत बांधावरून उतरला आणि बापाच्या शेजारची ओळ धरून उकिडवा बसला.